छपराखालचे रान आणि पाच वर्षांचे मूल

लहान मुलाला कुठे न्यावे आणि कुठे नेऊ नये, याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही, कारण उत्तरे आधीच ठरलेली असतात. देवळात न्यावे, जत्रेत न्यावे, गावात सर्कस आली तर सर्कशीला न्यावे. तिन्हीसांजेला नदीवर नेऊ नये, स्मशानाकडे तर मुळीच नाही. पण काही जागा अशा असतात की त्या या दोन्ही याद्यांत बसत नाहीत. तिथे जत्राही असते आणि थोडेसे स्मशानही असते. गेल्या हिवाळ्यात पाच वर्षांच्या भाच्याला घेऊन अशाच एका जागी जाण्याचा योग आला. त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घर करून बसला आहे. तो या अंकाच्या निमित्ताने विद्यार्थी मित्रांपुढे आणि सहकारी प्राध्यापकांपुढे मांडावा असे वाटले.

जागा अमेरिकेतली. पेनसिल्व्हेनिया राज्याची राजधानी हॅरिसबर्ग. तिथे दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला नऊ दिवस ‘ग्रेट अमेरिकन आउटडोअर शो’ या नावाचे प्रदर्शन भरते. शिकार, मासेमारी, तिरंदाजी, नौकाविहार, तंबूतला मुक्काम, चाकांवरच्या घरातून भटकंती, अशा उघड्यावरच्या साऱ्या छंदांचे हे प्रदर्शन. गंमत अशी की, हे उघड्यावरच्या छंदांचे प्रदर्शन भरते मात्र छपराखाली, कारण बाहेर हाडे गोठवणारी थंडी असते. ज्या इमारतींत ते भरते त्यांची छपराखालची जागाच सुमारे २४ एकर आहे. याच जागेत जानेवारीत राज्याचे कृषिप्रदर्शन होते आणि त्याची परंपरा १९१७ पासूनची आहे. आपल्या वाचकांना कल्पना यावी म्हणून सांगायचे तर, एखादे मोठे कृषिप्रदर्शन, यल्लम्माची गर्दी आणि मोटारींचा बाजार एका छपराखाली आणला तर जे दिसेल ते.

जायच्या आदल्या रात्री घरात थोडी वादावादी झाली. बहीण म्हणाली, “दादा, तू जा खुशाल, पण त्याला नेऊ नकोस. तिथं बंदुकाच बंदुका असतात.” मेहुणे म्हणाले, “आजूबाजूची सगळी पोरं जातात. यानं एकट्यानंच घरात बसून काय करायचं? ज्या गावात वाढायचं त्या गावची जत्रा बघायला नको?” दोघांचेही म्हणणे मला पटले, आणि अशा वेळी पाहुण्याने जे करायचे असते ते मी केले. म्हणजे गप्प बसलो. शेवटी भाच्यानेच निकाल लावला. त्याला अस्वल बघायचे होते.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की मी आणि भाचा एकाच प्रदर्शनात असूनही दोन वेगळी प्रदर्शने बघत होतो. माझ्या नजरेसमोर पाट्या, किमती आणि माणसांचे चेहरे होते. साडेतीन फुटांच्या त्या जीवाच्या नजरेसमोर होती माणसांची गुडघ्यापर्यंतची पादत्राणे, टेबलांच्या कडा आणि टेबलांवरून खाली डोकावणारी नळकांडी. मोठ्यांनी मांडलेल्या जगात मूल नेहमी टेबलाच्या कडेच्या उंचीवरून वावरत असते, हे आपण विसरतो. त्या दिवशी मी दर दहा मिनिटांनी वाकून त्याच्या उंचीवरून बघत होतो. पाठ दुखली, पण शिकायला मिळाले.

त्याला आवडलेल्या गोष्टींची यादी करायची तर फार मोठी होणार नाही. एक म्हातारे गृहस्थ चिमूटभर पिसे आणि दोरा घेऊन गळाला लावायची खोटी माशी बांधत होते. ट्राउट मासा त्या माशीला फसतो. भाचा त्यांच्यासमोर वीस मिनिटे हलला नाही. दुसरी गोष्ट एका तंबूची. उभारून ठेवलेल्या तंबूत तो शिरला, आडवा झाला आणि “मामा, दिवा बंद कर” म्हणाला. छताला लावलेले ते शेकडो दिवे मी कसे बंद करणार? तिसरी गोष्ट, पाण्यात उडी घेऊन चेंडू आणणारे कुत्रे. लाखो रुपयांच्या होड्या आणि चाकांवरची घरे त्याने बघितलीही नाहीत. मुलाला रानाची ओढ लागायला फार सामान लागत नाही, एवढे त्या तीन गोष्टींनी दाखवून दिले. थोडे पिसे-दोरे, थोडा अंधार आणि एखादे ओले कुत्रे पुरते. पण पिसे-दोरे आणि अंधार यांवर प्रदर्शन चालत नाही, त्यामुळे बाकीचे २४ एकर भरावे लागतात. रानात जायला आधी विशिष्ट बूट, विशिष्ट अंगरखा, विशिष्ट पाण्याची बाटली पाहिजे, असे एकदा मुलाच्या मनात बसले की मग ते मूल रानाचे राहत नाही, दुकानाचे होते. हा माझा पहिला आक्षेप. तो तसा सौम्य आहे. आपल्याकडच्या कुठल्याही मॉलवर तो घेता येईल.

पण खरा प्रसंग पुढे आला.

शिकारीच्या सहली आखून देणाऱ्यांचा एक विभाग होता. तिथे पेंढा भरलेली जनावरे मांडली होती. भाच्याचे अस्वल तिथे होते, मागच्या दोन पायांवर उभे, तोंड उघडे, डोळे काचेचे. भाचा माझे बोट घट्ट धरून उभा राहिला आणि म्हणाला, “मामा, हे झोपलंय का?”

माणूस शिकवण्याच्या धंद्यात वीस-पंचवीस वर्षे असला म्हणजे त्याला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देता येते असा लोकांचा समज असतो. मी म्हणालो, “हो, झोपलंय.” उभ्याने आणि डोळे उघडे ठेवून कोणते अस्वल झोपते, हे त्या पोराने विचारले नाही, ही त्याची सभ्यता.

शेजारी एक वयस्क शिकारी उभे होते. त्यांना मराठी कळण्याचा प्रश्नच नव्हता, पण मुलाने बहुधा तोच प्रश्न पुन्हा इंग्रजीत त्यांना विचारला. ते गृहस्थ कष्टाने खाली बसले, मुलाच्या डोळ्यांना डोळे येतील इतके खाली, आणि त्यांनी सांगितले ते असे: “नाही बाळा, हे मेलेलं आहे. माझ्यासारख्या कुणीतरी मारलंय.” मुलाने विचारले, “त्याला दुखलं का?” ते म्हणाले, “दुखलं असणार. म्हणून तर नेम नीट शिकावा लागतो. आणि खात्री नसली तर चाप ओढायचाच नाही, हात हलवत घरी परत यायचं.”

मी शिकारीच्या बाजूचा माणूस नाही. आमच्या घरात अंडेसुद्धा उशिरा आले. तरीही कबूल करतो की, त्या क्षणी त्या मुलाशी खरे बोलणारा माणूस तो शिकारी होता आणि खोटे बोलणारा मी.

त्या वृद्ध गृहस्थांच्या बाजूने आणखीही पुष्कळ बोलता येईल, आणि ते बोलल्याशिवाय या विषयावर मत देणे अप्रामाणिकपणाचे होईल. पेनसिल्व्हेनियाची रानेच बघा. एकोणिसाव्या शतकात तिथली जंगले तोडली गेली आणि शिकारीला धरबंध राहिला नाही. सांबराहूनही थोराड असे एल्क नावाचे हरीण त्या राज्यातून नाहीसे झाले. साधे पांढऱ्या शेपटीचे हरीणही शतकाच्या अखेरीस दुर्मिळ झाले. आकाश झाकून टाकणारे प्रवासी कबुतरांचे थवे संपले आणि त्या जातीतले शेवटचे कबूतर १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेले. हे सारे बंदुकीने आणि कुऱ्हाडीने केले. पण पुढची गोष्टही तितकीच खरी आहे. १८९५ साली राज्याने वन्य प्राण्यांसाठी आयोग नेमला, शिकारीला हंगाम आणि मर्यादा घातल्या, १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून हरणे आणून सोडली आणि १९१३ साली यलोस्टोनकडून एल्क आणले. आज त्या राज्यात एल्कांची संख्या हजारावर आहे. या आयोगाच्या मालकीचे रान सुमारे १५ लाख एकर आहे आणि ते फिरायला सर्वांना खुले आहे.

यासाठी पैसा कुठून आला? मोठा भाग शिकाऱ्यांच्या खिशातून. १९३७ साली अमेरिकेत एक कायदा झाला. तो मांडणाऱ्या दोघा प्रतिनिधींच्या नावांवरून त्याला पिटमन-रॉबर्टसन कायदा म्हणतात. शिकारीच्या बंदुका आणि काडतुसे यांच्यावरचा ११ टक्के कर सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता वन्य जीवांच्या रक्षणासाठी राज्यांना द्यायचा, असे त्याने ठरवले. अट अशी की, ज्या राज्याला हा पैसा हवा त्याने शिकारीच्या परवान्याचे शुल्क दुसऱ्या कामाला वळवायचे नाही. पुढे पिस्तुले आणि धनुष्यबाणही या करात आले. १९५० साली मासेमारीच्या सामानासाठी असाच कायदा झाला. म्हणजे भाच्यासमोर माशी बांधणाऱ्या आजोबांच्या गळाच्या काठीतून नदीसाठी दमडी निघते, आणि अस्वलाशेजारच्या शिकाऱ्याच्या काडतुसातून रानासाठी. जो वापरतो त्याने भरावे, हे तत्त्व आपल्या गावच्या पाणीपट्टीइतके सरळ आहे, आणि आपल्याकडच्या पाणीपट्टीपेक्षा अधिक नियमितपणे वसूल होते.

इथपर्यंत मी त्या शिकाऱ्याच्या बाजूने जवळजवळ वळलो होतो. मग आम्ही बंदुकांच्या दालनात गेलो. खरे तर तिकडून बाहेर पडायची वाट म्हणून गेलो.

लांबच लांब टेबले, त्यांवर रायफली, माणसे त्या उचलून खांद्याला लावून बघताहेत, पोरे आईबापांबरोबर हिंडताहेत, कुठे आरडाओरडा नाही, कुठे दांडगाई नाही. शिस्त वाखाणण्यासारखी. भाचा मात्र एकाएकी थांबला. इकडेतिकडे बघून त्याने मला हळूच विचारले, “मामा, इथं लपायची जागा कुठंय?”

आधी मला वाटले, त्याला लपाछपी खेळायची आहे. खोदून विचारल्यावर उलगडा झाला. त्याच्या शाळेत सराव घेतात. बाई दिवे बंद करतात, दाराला कडी घालतात, सगळी मुले दारापासून दूरच्या कोपऱ्यात जमिनीवर बसतात आणि कुणी बोलायचे नसते. “आणि मग टीचर आम्हाला गोळी देते,” तो म्हणाला. “चघळायला. म्हणजे तोंडातून आवाज येत नाही.”

आपल्या भाषेत चघळायच्या आणि बंदुकीच्या दोन्ही वस्तूंना एकच शब्द आहे, याचे मला आजवर कधी काही वाटले नव्हते.

हा सराव तिथल्या शाळांतून सर्रास होतो आणि त्याला कारण आहे. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकट राज्यातल्या न्यूटाऊन गावी सँडी हुक या प्राथमिक शाळेत एका तरुणाने २० मुले आणि ६ मोठी माणसे गोळ्या घालून मारली. मुले सगळी सहा-सात वर्षांची, म्हणजे माझ्या भाच्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठी. त्या घटनेचा आणि हॅरिसबर्गच्या प्रदर्शनाचा संबंध इतिहासात नोंदलेला आहे. तेव्हा तिथे ‘ईस्टर्न स्पोर्ट्स अँड आउटडोअर शो’ या नावाचे प्रदर्शन भरत असे. २०१३ च्या प्रदर्शनात लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित रायफली मांडू नयेत, असे तेव्हाच्या आयोजक कंपनीने ठरवले. शिकारीला, मासेमारीला, तिरंदाजीला हात लावला नव्हता. तरीही निषेध म्हणून एकामागून एक प्रदर्शकांनी अंग काढून घेतले, आणि त्या वर्षी ते प्रदर्शन भरलेच नाही. पुढे २०१४ पासून बंदूकधारकांची संघटना असलेल्या नॅशनल रायफल असोसिएशनने नव्या नावाने ते सुरू केले. आज भरते ते हे.

तंबूवाले, होडीवाले, गळवाले यांनी तेव्हा काय करायला हवे होते, हे परदेशातल्या पाहुण्याने सांगणे शोभत नाही. पण एवढे विचारता येईल: उघड्यावरचा आनंद आणि अर्धस्वयंचलित रायफल या दोन गोष्टी एकमेकींवाचून राहू शकत नाहीत, हे कुणी ठरवले? अस्वलापुढे बसून “खात्री नसली तर चाप ओढायचाच नाही” असे सांगणाऱ्या त्या वृद्ध शिकाऱ्याची विद्या एक, आणि धडाधड गोळ्या झाडणाऱ्या हत्याराची विद्या वेगळी. एका छपराखाली मांडल्यामुळे त्या एक होत नाहीत. मांडणारा मात्र त्या एकच आहेत असे म्हणतो, आणि साडेतीन फुटांवरून बघणाऱ्याला तो फरक समजण्याची सोय नसते. २०२० साली अमेरिकेत १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांच्या मृत्यूंच्या कारणांत बंदुकीने मोटार-अपघातांनाही मागे टाकले. हा आकडा ज्या देशाचा आहे त्या देशात बंदुकीला तंबू-बाटलीच्या रांगेत बसवणे हे मला बरोबर वाटत नाही.

आणि इथे १९३७ च्या त्या सरळ कायद्याला एक विचित्र गाठ पडलेली दिसते. कर बंदुकीवर आहे. ती शिकारीसाठी घेतली की शेजाऱ्याच्या भीतीने घेतली, हे कर विचारत नाही. शिकार न करणारी माणसे घराच्या रक्षणासाठी म्हणून पिस्तुले घेतात, त्यांचाही पैसा हरणांच्या रानाला जातो. भीती वाढली की विक्री वाढते, विक्री वाढली की रानाचा निधी वाढतो. म्हणजे भाच्याच्या वर्गातला तो अंधारा कोपरा आणि एल्कांचे ते मोकळे कुरण, यांचा जमाखर्च एकाच वहीत लिहिला जातो. यात कुणाचा कट नाही. पण चांगल्या कामाचा पैसा कुठून येतो, हे विचारण्याची सवय सुटली की असे होते. रानासाठी पैसा हवाच. तो साऱ्या समाजाने द्यायला हवा. तो भीतीच्या खरेदीवर सोडून देणे हा त्या देशाने स्वतःला लावून घेतलेला फास आहे, असे माझे मत आहे.

मग मुलाला अशा जागी न्यावे की नेऊ नये?

आपल्याकडच्या एका मामा-भाच्याची गोष्ट यावर प्रकाश टाकते. मुंबईत खेतवाडीला एक पोरका मुलगा आपल्या मामांच्या घरी वाढत होता. मामा अमिरुद्दीन तय्यबजी शिकारीचे शौकीन. मुलाच्या हाती छर्ऱ्याची बंदूक आली होती आणि तो चिमण्या मारीत असे. १९०८ च्या सुमारास त्याने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, असे त्याने मामांना विचारले. मामांना सांगता येईना. त्यांनी काहीतरी ठोकून दिले नाही. चिठ्ठी देऊन त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे पाठवले. मिलर्डनी पक्षी ओळखला आणि सोसायटीतला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह मुलापुढे उघडला. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पुढे १९८५ साली त्यांनी लिहिलेल्या आत्मचरित्राच्या नावातही ती पडलेली चिमणी आहे.

या गोष्टीवरून ‘मुलांच्या हाती बंदूक द्या म्हणजे पक्षीशास्त्रज्ञ होतील’ असा अर्थ कुणी काढू नये. त्या काळी छर्ऱ्याची बंदूक घेतलेली किती पोरे नुसत्याच चिमण्या मारून मोठी झाली असतील! चिमणी पडली ती बंदुकीने. सालिम अली घडले ते मामांच्या “मला ठाऊक नाही” या तीन शब्दांइतक्या प्रामाणिक वागण्याने, आणि पोराने आणलेला मेलेला पक्षी हातात घेऊन त्याच्याशी बरोबरीने बोलणाऱ्या मिलर्ड यांच्यामुळे. माझ्या आणि त्या मामांच्या वागण्यातला फरक अस्वलापुढे उघडा पडला होता.

ज्या पेनसिल्व्हेनियात हे प्रदर्शन भरते त्याच राज्यात, स्प्रिंगडेल गावी, १९०७ साली रेचेल कार्सन जन्मल्या. कीटकनाशकांविरुद्ध लिहिणाऱ्या म्हणून आपले विद्यार्थी त्यांना ओळखतात. त्यांनी १९५६ साली एक लेख लिहिला तो भाचीच्या लहानग्या मुलाला मेन राज्याच्या समुद्रकाठी, पावसात आणि रात्रीच्या अंधारात फिरवण्याबद्दल. त्यांच्या त्या फिरण्याला तिकीट नव्हते आणि दुकानही नव्हते. बरोबर मात्र एक मोठे माणूस होते. माझ्या भाच्याने तंबूत आडवे होऊन जो अंधार मागितला होता, तो असाच कुठेतरी मिळतो.

आता स्वतःकडे वळू या, नाहीतर परदेशाला नावे ठेवून घरी सुखाने झोपल्यासारखे होईल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे शिकार बंद आहे, आणि ते योग्यच झाले. पण हात स्वच्छ ठेवले म्हणजे कर्तव्य संपले, अशी आपण समजूत करून घेतली. आमच्या वर्गात मी दोन-तीन वर्षे एक प्रश्न विचारून बघितला. खानापूरच्या रानात कोण गेले आहे? धबधब्यावर सहलीला गेलेले हात भराभर वर येतात. भीमगड अभयारण्य कुठे आहे, २०११ साली ते झाले तेव्हा काय वाद होता, तिथल्या बारापेडे गुहांत कोणत्या जातीची दुर्मिळ वटवाघळे राहतात, म्हादईचा उगम कुणी पाहिला आहे, असे विचारले की हात खाली येतात. मराठी बोलणारे आणि कन्नड बोलणारे, दोघांचेही. या बाबतीत आपली एकजूट वाखाणण्यासारखी आहे. तासा-दोन तासांच्या वाटेवरचे हे रान आम्हाला गोव्याला जाताना गाडीच्या काचेतून दिसते, तेवढेच. त्या शिकाऱ्याने निदान आपल्या रानासाठी दर काडतुसामागे पैसे मोजले आहेत. त्याचे रान कोणते, हे तरी त्याला ठाऊक आहे. आपण काय मोजले?

म्हणून माझे मत असे आहे. मुलाला प्रदर्शनाला जरूर न्यावे. बाजार बघितल्याशिवाय बाजार कळत नाही, आणि मेलेले अस्वल बघून मूल बिघडत नाही. मात्र नेणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात. एक, मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर द्यावे, आणि ठाऊक नसेल तर तसे सांगावे. दोन, मूल जिथे घाबरते तिथून त्याला उचलून बाहेर न्यावे. ‘त्यात काय भ्यायचं’ असे म्हणू नये. त्याच्या भीतीला बहुधा आपल्या शहाणपणाहून अधिक कारण असते. आणि तीन, छपराखालच्या रानानंतर लवकरात लवकर बिनछपराचे रान दाखवावे. हे तिसरे जमणार नसेल तर पहिले तिकीट काढू नये.

आम्ही त्या दिवशी बंदुकांच्या दालनातून सरळ बाहेर पडलो. गाडीत बसल्यावर मी भाच्याला सांगितले, “अस्वल झोपलेलं नव्हतं. मी खोटं बोललो. चुकलं माझं.” तो म्हणाला, “मला माहितेय. त्या आजोबांनी सांगितलं.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “तुला वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही.”

दुसऱ्या दिवशी पहाटे घरामागच्या मोकळ्या जागेत बर्फाचा पातळ थर पडला होता आणि त्यावर हरणाच्या खुरांची रांग उमटली होती. कुंपणाशी ती संपत होती. हरीण उडी मारून पलीकडे गेले असावे. भाच्याने मला झोपेतून ओढून नेऊन ती दाखवली आणि विचारले, “हे आता कुठं असेल?”

मी म्हणालो, “मला ठाऊक नाही. चल, बघू.”

या अंकातून एक सूचना करतो. येत्या हिवाळ्यात आपल्या महाविद्यालयातल्या दोन्ही भाषांच्या मंडळांनी मिळून, आसपासच्या प्राथमिक शाळांतली पंचवीस-तीस मुले घेऊन, वन खात्याच्या परवानगीने खानापूरच्या रानात एक दिवस घालवावा. नवे बूट लागणार नाहीत. वर्गणीही फारशी लागणार नाही. दोन गोष्टी मात्र बरोबर न्याव्या लागतील: जेवणाचे डबे, आणि मुलांच्या प्रश्नांना खरी उत्तरे देण्याची तयारी. डब्यांची व्यवस्था सोपी आहे. दुसऱ्या तयारीला आम्ही प्राध्यापकांनी आतापासून लागावे हे बरे.